वाचकांचे प्रश्न : महासत्तांच्या वैराची मुळे किती खोल?

गेल्या अंकात शीतयुद्धावर प्रसिद्ध झालेल्या लेखानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्ध हा मुख्यतः दोन विचारसरणींचा संघर्ष होता, असे त्या लेखात म्हटले होते आणि बहुतेक पत्रलेखकांनी नेमके त्याच विधानावर बोट ठेवले आहे. त्यांपैकी पाच प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. शीतयुद्धाचा आरंभ काही पुस्तकांत १९१७ च्या रशियन क्रांतीपासून, तर काहींत १९४५ किंवा १९४७ पासून दिलेला आढळतो. भांडवलशाही आणि साम्यवाद यांचा झगडा हेच मूळ मानावे, की त्याआधीही या दोन देशांत वैर होते? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : परीक्षेपुरते विचाराल तर १९४७ लिहावे. त्या वर्षी १२ मार्चला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यासाठी ४० कोटी डॉलरची मदत मागताना, जगातील प्रत्येक राष्ट्रापुढे दोन जीवनपद्धतींतून एक निवडण्याचा प्रसंग उभा आहे, अशी मांडणी केली आणि वैराला अधिकृत भाषा मिळाली. मात्र आपण मुळांविषयी विचारले आहे. मुळे शोधायची तर, विचारांतील अंतर पराकोटीचे असूनही वैर नव्हते असा काळ इतिहासात सापडतो का, हे आधी पाहावे.

तो सापडतो, आणि थोडाथोडका नव्हे, तर जवळजवळ शंभर वर्षांचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिका हे राजाविना चालणारे प्रजासत्ताक होते आणि रशिया ही युरोपातील सर्वांत निरंकुश राजसत्ता होती. १८२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी युरोपातील राजसत्तांची शासनपद्धती आपल्याहून मूलतः वेगळी असल्याचे सांगून, ती अमेरिका खंडात पसरवण्याचा प्रयत्न आपण धोकादायक मानू, असे बजावले. झार पहिला अलेक्झांडर याने १८२१ मध्ये वायव्य किनाऱ्यावर सांगितलेला हक्क हे त्या इशाऱ्याचे एक कारण होते. वैर पेटायला आणखी काय हवे होते? तरीही पुढच्याच वर्षी तह होऊन दोघांच्या हक्कांमधली रेषा ५४ अंश ४० मिनिटे अक्षांशावर ठरली, १८४१ मध्ये रशियनांनी कॅलिफोर्नियातील फोर्ट रॉस ही वसाहत विकून टाकली, आणि १८६३ मध्ये अमेरिकेतील यादवी ऐन भरात असताना रशियाची आरमारे न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को येथे पाहुणचार घेत होती. १८६७ मध्ये झारने अलास्का ७२ लाख डॉलरना विकला, तोही बऱ्याच अंशी अशा हिशेबाने की, पुढील युद्धात ब्रिटनने तो हिसकावण्यापेक्षा अमेरिकेने विकत घेतलेला बरा. दोघांचा प्रतिस्पर्धी ब्रिटन होता आणि दोघांच्या मध्ये अफाट समुद्र आणि विरळ वस्तीचा प्रदेश होता. या दोन गोष्टी होत्या तोवर लोकशाही आणि झारशाही यांना एकमेकींचा फारसा त्रास झाला नाही.

फ्रेंच विचारवंत तोकव्हिल याने १८३५ मध्येच लिहून ठेवले होते की, अमेरिकन आणि रशियन या दोन लोकसमूहांच्या हाती पुढे अर्ध्या अर्ध्या जगाचे भवितव्य येईल. मार्क्स तेव्हा शाळेत जात होता. तोकव्हिलने एकाचे साधन स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचे साधन दास्य असे म्हटले खरे, पण त्याच्या भाकिताचा पाया दोघांच्या विस्तारात होता. इतर राष्ट्रे आपापल्या मर्यादेला पोहोचली आहेत आणि हे दोघेच अजून वाढत आहेत, एवढेच त्याचे निरीक्षण होते.

तडा गेला तो १८९० च्या दशकात, आणि जागा होती चीनच्या ईशान्येचा मांचुरिया. १८९१ मध्ये रशियाने सैबेरियाच्या रेल्वेचे काम सुरू केले आणि तो पॅसिफिककडे सरकू लागला. अमेरिकेने १८९८ मध्ये फिलिपिन्स घेतले आणि पुढच्या वर्षी चीनच्या बाजारपेठेचे दार सर्वांना सारखे उघडे असावे, अशी मागणी परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी केली. ज्यांच्यामध्ये समुद्र होता ते दोघे आता एकाच बाजारपेठेच्या दोन टोकांशी उभे होते. रशियातील ज्यूंवरील अत्याचारांनी अमेरिकन लोकमत आधीच दुखावलेले होते. १९११ मध्ये अमेरिकेने १८३२ चा व्यापारी करार ज्यूंना मिळणाऱ्या वागणुकीवरूनच रद्द केला. बोल्शेव्हिक, म्हणजे रशियातील साम्यवादी, सत्तेवर येण्यास अजून सहा वर्षे होती.

१९१७ नंतर विचारांचे वैर उघड झाले, यात शंका नाही. बोल्शेव्हिकांनी झारची कर्जे नाकारली, १९१९ मध्ये जागतिक क्रांतीसाठी कॉमिन्टर्न ही संघटना स्थापन केली. अमेरिकेने १९१८ मध्ये अर्खांगेल्स्क आणि व्लादिवोस्तोक येथे सैन्य उतरवले आणि सोव्हिएत सरकारला १९३३ पर्यंत मान्यता दिली नाही. पण नेमक्या याच काळात, मान्यता नसताना, फोर्ड कंपनीच्या साहाय्याने गोर्की येथे मोटारींचा कारखाना उभा राहिला आणि नीपर नदीवरील प्रचंड धरणाच्या कामावर ह्यू कूपर हे अमेरिकन अभियंते सल्लागार होते. १९२१ च्या दुष्काळात लाखो रशियनांना अन्न पुरवणारी संस्था हर्बर्ट हूवर यांची, आणि हूवर तर साम्यवादाचे कट्टर विरोधक. वैचारिक शत्रुत्व होते, परंतु त्या दोघांत भांडायला सामाईक अशी भूमी नव्हती.

ती १९४५ मध्ये मिळाली. जर्मनी आणि जपान उद्ध्वस्त झाले, ब्रिटन कंगाल झाला, सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक मेले तरी त्याचे सैन्य मध्य युरोपात उभे होते, आणि अमेरिकेचे सैन्य त्याच युरोपात पलीकडच्या बाजूने आले होते. या टप्प्यावरील पहिल्या तंट्यांची ठिकाणे पाहिली की, इतिहासाचा अभ्यासक चमकतो. इराणमधून सोव्हिएत फौजा मुदतीत परतल्या नाहीत, हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आलेल्या अगदी पहिल्या वादांपैकी एक. १९०७ मध्ये ब्रिटन आणि झार यांनी तोच इराण आपापल्या प्रभावक्षेत्रांत वाटून घेतला होता. १९४६ मध्ये सोव्हिएत संघाने तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांच्या संरक्षणात वाटा मागितला. त्याच सामुद्रधुन्यांच्या काळजीने १८७८ मध्ये ब्रिटिश आरमार मार्माराच्या समुद्रात शिरले होते. याल्टा येथील दोस्त राष्ट्रांच्या बैठकीत १९४५ च्या फेब्रुवारीत स्टालिनने पोर्ट आर्थर बंदर, मांचुरियातील रेल्वे आणि दक्षिण साखालिन यांवरील जे हक्क मागून घेतले, ते झारने १९०५ मध्ये जपानकडून हरून गमावलेले हक्क होते. जपान शरण आल्यावर, आमच्या पिढीने या दिवसाची चाळीस वर्षे वाट पाहिली, अशा आशयाचे उद्गार स्टालिनने काढले. वास्तविक १९०५ च्या जानेवारीत पोर्ट आर्थर पडले, तेव्हा लेनिनने त्या पराभवाचे निरंकुश राजसत्तेचा पराभव म्हणून स्वागत केले होते!

शेताच्या बांधावरचे भांडण मालक बदलले तरी मिटत नाही, तसे हे आहे. पलीकडच्या शेताचा मालक झार जाऊन पक्ष आला, आणि अलीकडच्या शेतात २१ फेब्रुवारी १९४७ रोजी, ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आम्हाला यापुढे पेलवणार नाही, असे ब्रिटनने अमेरिकेला कळवले आणि तीन आठवड्यांत ट्रुमन यांचे ते भाषण झाले. अमेरिकेला शीतयुद्धाची निम्मी ठाणी अशी ब्रिटनच्या वारशाने मिळाली, असे मी म्हणेन. पहिल्या अफगाण युद्धापासून अफगाण सीमेवरील पंजदेहच्या १८८५ मधील पेचापर्यंत ब्रिटिशांनी रशियाची जी भीती हिंदुस्थानच्या तिजोरीतून पोसली, ती भीतीही त्या वारशात होती.

प्रश्न : रशिया आणि पाश्चात्त्य जग यांच्यातील दुरावा १०५४ मधील कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती धर्मपीठांच्या फुटीपर्यंत मागे नेता येतो, असे एका व्याख्यानात ऐकले. मॉस्को हे ‘तिसरे रोम’ आहे, ही कल्पनाही त्याच परंपरेतील. आपले मत काय? (एक शिक्षक, येवला)

उत्तर : कल्पना खरीच आहे, सोळाव्या शतकाच्या प्रारंभी प्स्कोव्ह येथील फिलोफेई या मठवासीयाने, दोन रोम (रोम आणि कॉन्स्टँटिनोपल) पडली, तिसरे उभे आहे आणि चौथे होणार नाही, अशी मांडणी केली होती. तथापि नऊशे वर्षांपूर्वीचे कारण पुढे केले की ते प्रत्येक घटनेला लागू पडते आणि म्हणूनच कोणत्याही एका घटनेचा उलगडा करत नाही. १८१३ मध्ये ऑर्थोडॉक्स रशिया, कॅथलिक ऑस्ट्रिया आणि प्रोटेस्टंट प्रशिया एकत्र येऊन नेपोलियनशी लढत होते. १८५४ मध्ये कॅथलिक फ्रान्स आणि प्रोटेस्टंट ब्रिटन हे ऑटोमन सुलतानाच्या बाजूने क्रिमियात रशियाविरुद्ध उतरले. १८९१ मध्ये फ्रेंच आरमार क्रोनस्टाट बंदरात आले, तेव्हा झार तिसरा अलेक्झांडर, ज्याच्या राज्यात फ्रेंच क्रांतीचे गीत निषिद्ध होते, ते गीत वाजत असताना टोपी काढून उभा राहिला, कारण त्याला जर्मनीविरुद्ध मित्र हवा होता आणि फ्रान्सला तोच हवा होता. फुटीचा परिणाम एवढाच मानावा की, आपण वेगळे आणि वेढलेले आहोत, ही भावना मांडायला रशियन राज्यकर्त्यांना एक जुनी, लोकांना कळणारी भाषा उपलब्ध होती. वेढले जाण्याचा अनुभव मात्र धर्मपीठाने दिलेला नाही. तो १६१० मध्ये मॉस्कोत शिरलेल्या पोलिश सैन्याने, १८१२ मध्ये नेपोलियनने आणि १९४१ मध्ये हिटलरने दिला, आणि तिघेही पश्चिमेच्या त्याच मोकळ्या मैदानातून आले.

प्रश्न : मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो. आम्ही तेथे रशियन मिग विमाने बांधत होतो आणि घरी रेशनवर अमेरिकेची मिलो ज्वारी येत होती. दोन्ही महासत्ता एकमेकींच्या वैरी असताना दोघींनी आम्हाला कशासाठी मदत केली? आणि साम्यवादी रशियाने साम्यवादी चीनला सोडून आम्हाला का जवळ केले? (एक वाचक, ओझर, ता. निफाड)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. मिग-२१ विमानांविषयीचा करार १९६२ मधला आणि ओझरचा कारखाना १९६४ मधला. सांगाडा ओझरला, इंजिने ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली, हे आपण जाणताच. करार झाला त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६० मध्ये, सोव्हिएत संघाने चीनमधील आपले सर्व तज्ज्ञ एकाएकी परत बोलावले होते. दोन साम्यवादी देशांत मार्क्सच्या अर्थावरून वाद झाला, असे त्या वेळच्या लेखांत दिसते आणि तो वाद खोटा नव्हता. पण मार्च १९६९ मध्ये दोन्ही देशांचे सैनिक उसुरी नदीतील ज्या चिमुकल्या बेटावर एकमेकांना मारत होते, त्या नदीवरील सीमा १८६० मध्ये झारने दुबळ्या चीनवर लादलेल्या तहाने ठरलेली होती. माओच्या मते तो तह अन्यायाचा होता आणि झारच्या वारसदारांना तो सोडवत नव्हता.

हिमालयाच्या या बाजूला जमेल तेवढा मोठा प्रतिस्पर्धी चीनसमोर उभा राहावा, हे अशा वेळी मॉस्कोच्या हिताचे होते, मग तो देश साम्यवादी असो वा नसो. उलट बाजूला अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ विमाने दिली होती. वैचारिक नाते अगदीच निरर्थक होते, असेही नाही. ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून क्यूबाचा पेच शिगेला पोहोचला, तेव्हा मॉस्कोच्या अधिकृत वृत्तपत्राने काही दिवस चीनच्या बाजूने सूर लावला आणि दिल्लीत अस्वस्थता पसरली. पेच सरताच तो सूर बदलला. त्याच वेळच्या भारत-चीन युद्धात नेहरूंच्या विनंतीवरून भारतात शस्त्रे उतरवली ती अमेरिकेने. १९७१ पर्यंत तर चित्र पूर्ण उलटसुलट झाले. जुलैत पाकिस्तानच्या मध्यस्थीने अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार किसिंजर गुपचूप पेकिंगला (आजच्या बीजिंगला) गेले, ९ ऑगस्टला भारताने सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेचे अणुशक्तीवर चालणारे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले. जगातील सर्वांत मोठी लोकशाही एका साम्यवादी महासत्तेबरोबर, आणि लोकशाहीचा झेंडा मिरवणारी महासत्ता एका लष्करशाहीबरोबर व दुसऱ्या साम्यवादी देशाबरोबर होती.

मिलोविषयी. अमेरिकेला अतिरिक्त धान्य खपवायचे होते, तिच्या शेतकऱ्यांचा भाव राखायचा होता आणि उपाशी भारत साम्यवादाकडे झुकेल, ही भीतीही होती. १९५४ च्या कायद्याखाली येणाऱ्या या धान्याचे प्रमाण १९६६ च्या दुष्काळात एवढे वाढले की, त्या एका वर्षात भारताची एकूण आयात सुमारे १ कोटी टनांवर गेली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ते धान्य मुद्दाम थोडे थोडे सोडत असत. १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात आपल्या घरी लाल मिलोची भाकरी झाली असेल, तर त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट सांगतो. पीक बुडाल्यामुळे सोव्हिएत संघानेही त्या वर्षी अमेरिकेच्या बाजारातून प्रचंड गहू विकत घेतला, आणि १९७३ मध्ये आपल्याकडील २० लाख टन गहू भारताला उसना दिला.

प्रश्न : मग विचारसरणी हा केवळ मुखवटा समजायचा का? दोन्ही बाजूंचे पुढारी जे बोलत होते, ते त्यांना स्वतःला खरे वाटत नव्हते का? (एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक)

उत्तर : आपण पाथर्डी फाट्यावर राहता, तेव्हा या उत्तराचा पहिला भाग आपल्याला रोज दिसणाऱ्या डोंगरातच कोरलेला आहे. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती लिहवून घेतली. त्याने शक, यवन आणि पह्लव यांचा संहार केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असे ती सांगते. ही पूर्णपणे तत्त्वाची भाषा आहे. वाचणाऱ्याला वाटावे की, धर्मरक्षक आणि धर्मबुडवे यांचेच ते युद्ध होते. पण थोडे पुढे दहाव्या लेण्यात जावे. तेथे ज्या नहपान क्षहराताशी हे युद्ध झाले, त्याच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आहे आणि त्यात ब्राह्मणांना दिलेल्या दानांची, तीन लाख गाईंची, घाटांची आणि धर्मशाळांची यादी आहे. लेणे दिले आहे ते बौद्ध भिक्षूंना. विजयानंतर गौतमीपुत्राने त्याच डोंगरावरील भिक्षूंना २०० निवर्तने जमीन दिली, आणि ते शेत पूर्वी उषवदाताकडे होते, असे लेखातच नमूद आहे. दोन्ही घराणी त्याच देवाब्राह्मणांना आणि त्याच भिक्षुसंघाला दाने देत होती.

युद्ध कशासाठी होते, ते त्या काळातील ग्रीक व्यापाऱ्याच्या एका सागरी मार्गदर्शिकेत सापडते. कल्याण बंदरात येणारी जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे ती सांगते. नाणेघाटातून आणि नाशिकहून किनाऱ्याला जाणारा व्यापार आणि त्याची जकात हे खरे कारण होते. जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांत नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेली नाणी मोठ्या संख्येने आहेत, यावरून त्या विजयात काय हाती आले, तेही कळते.

आता दुसरा भाग. हे सर्व मान्य करूनही मी मुखवटा हा शब्द वापरणार नाही. मुखवटा काढून ठेवता येतो. विचारसरणीचे तसे होत नाही. १९४७ मध्ये युरोपच्या पुनर्बांधणीसाठीच्या अमेरिकन मदतीच्या, म्हणजे मार्शल योजनेच्या, चर्चेला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव मोठा ताफा घेऊन पॅरिसला गेले होते आणि देश उद्ध्वस्त झालेला असल्याने पैसा हवाही होता. तरी ते उठून निघून आले आणि होकार कळवलेल्या चेकोस्लोव्हाकियालाही मॉस्कोने माघार घ्यायला लावली, कारण योजनेबरोबर येणारे हिशेब आणि मोकळा व्यापार आपल्या व्यवस्थेला आतून पोखरतील, ही भीती खरी होती. झारची कारकीर्द फ्रेंच कर्जावर वर्षानुवर्षे चालली. स्टालिनच्या जागी झार असता, तर त्याने हा पैसा घेतला असता, असे मला वाटते.

याहून मोठा फरक असा की, विचारसरणीमुळे प्रतिस्पर्ध्याचे अनुयायी आपल्याच देशात निर्माण होतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळी लंडनमध्ये झारच्या राजवटीचा पुरस्कार करणारा पक्ष नव्हता आणि मुंबईतही नव्हता. १९४६ मध्ये मात्र फ्रान्समध्ये साम्यवादी पक्षाला चौथ्या हिश्श्याहून अधिक मते पडली, आणि अमेरिकेत १९५० च्या दशकारंभी सिनेटर मॅकार्थी प्रत्येक कचेरीत साम्यवादी शोधत फिरू लागले. सोव्हिएत बाजूला ‘पाश्चात्त्यांपुढे लोटांगण’ हा आरोप एखाद्याची नोकरी आणि कधी कधी आयुष्य संपवायला पुरेसा असे. असे झाले की तडजोड करणारा स्वतःच्या घरात संशयित ठरतो. ब्रिटन आणि झारशाही यांचे मध्य आशियातील वैर १९०७ मध्ये एका करारपत्राने मिटू शकले, कारण दुसऱ्याची राज्यव्यवस्था नष्ट झाली पाहिजे, असा दोघांचाही आग्रह नव्हता. सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील युरोपची धर्मयुद्धे मात्र शीतयुद्धाच्याच जातीची. तेथेही कॅथलिक फ्रान्सच्या कार्डिनल रिशेल्यूने १६३१ मध्ये प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवला, परंतु त्यासाठी स्वतःच्याच धर्मातील लोकांचे शिव्याशाप त्याला सोसावे लागले.

पुढारी प्रामाणिक होते का, याचे उत्तर देण्यास दोन तारा उपयोगी पडतात. २२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोतील अमेरिकन मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी वॉशिंग्टनला पाठवलेल्या लांबलचक तारेत, रशियन राज्यकर्त्यांच्या परंपरागत असुरक्षिततेला मार्क्सवादाने केवळ आवरण पुरवले आहे, अशी मांडणी केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव्ह यांनी मॉस्कोला कळवले की, अमेरिका जगभर लष्करी तळ उभारून जागतिक वर्चस्वाकडे चालली आहे. दोघेही हुशार होते. दुसऱ्या बाजूची भीती त्यांच्यापैकी केनन यांना काही अंशी दिसली. आपल्या बाजूमुळे ती भीती वाढते आहे का, हा प्रश्न मात्र दोघांच्याही तारेत नाही.

प्रश्न : आता अमेरिका आणि चीन यांच्यात जे चालले आहे, त्याला नवे शीतयुद्ध म्हणावे का? त्याचे मूळ १९४९ मधील साम्यवादी क्रांतीत आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सिडको, नाशिक)

उत्तर : नावाविषयी मी घाई करणार नाही. सोव्हिएत संघाशी अमेरिकेचा व्यापार नगण्य होता; चीनशी २०२२ मध्ये केवळ वस्तूंचाच व्यापार ५०० अब्ज डॉलरच्या बराच वर होता. एवढे गुंतलेले प्रतिस्पर्धी पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटन आणि जर्मनीची अधिक आठवण करून देतात, आणि ती उपमा फारशी दिलासा देणारी नाही.

मुळांविषयी मात्र १९४९ पाशी थांबू नये. अमेरिकेचे पहिले व्यापारी जहाज कँटनला १७८४ मध्ये पोहोचले. १८३९ मध्ये सुरू झालेल्या अफूच्या युद्धापासून चीनच्या शालेय इतिहासात ‘अपमानाचे शतक’ सुरू होते (त्या अफूचा मोठा भाग बंगालमधून आणि माळव्यातून मुंबईमार्गे जात होता, हे आपल्याकडील अभ्यासक्रमात क्वचितच सांगितले जाते). अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशबंदी केली आणि ती १९४३ पर्यंत टिकली. १८९५ मध्ये जपानने तैवान घेतला, तेव्हा चीनमध्ये सम्राट होता. आज पेकिंगमधून जी भाषा ऐकू येते, तिच्यात वर्गसंघर्ष कमी आणि या गमावलेल्या गोष्टींची यादी अधिक आहे, असे माझे निरीक्षण आहे.

१९४९ ने काय बदलले, तेही सांगायला हवे. ५ जानेवारी १९५० रोजी ट्रुमन यांनी तैवानच्या प्रश्नात लष्करी हस्तक्षेप करण्याचा इरादा नसल्याचे जाहीर केले होते. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले आणि २७ तारखेला त्यांनीच सातवे आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत धाडले. साम्यवादाच्या फैलावाची भीती नसती, तर ते आरमार तेथे गेले नसते. पण तैवान परत हवा, ही मागणी माओची नव्हती. साम्यवाद्यांचा हाडवैरी आणि तेव्हाचा चीनचा राज्यकर्ता च्यांग काय-शेक याने ती १९४३ मध्ये कैरो येथे रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्याकडून कबूल करून घेतली होती. दक्षिण चीन समुद्रावरील ज्या रेषेवरून आज फिलिपिन्स आणि व्हिएतनाम यांच्याशी चीनचे तंटे चालतात, ती अकरा तुकड्यांची रेषाही च्यांगच्याच सरकारने १९४७ मध्ये नकाशावर काढली. साम्यवादी सरकारने पुढे व्हिएतनामजवळच्या आखातातील तिचे दोन तुकडे वगळले आणि बाकीची रेषा तशीच ठेवली. च्यांगचे सरकार १९४९ मध्ये जेथे गेले, त्या तैवाननेही तो दावा अधिकृतपणे सोडलेला नाही, आणि स्प्रॅटली समूहातील सर्वांत मोठे नैसर्गिक बेट आजही पेकिंगच्या नव्हे, तर तैपेईच्या ताब्यात आहे.